तीन परतीची तिकिटं आणि एक ढोल

कुणी रुसलं, अडलं किंवा परगावी अडकलं की त्याला घेऊन यायला मला पाठवायचं, अशी आमच्या घरातली जुनी रीत आहे. थोरले बंधू वकील, त्यांना वेळ नसतो. धाकट्याचं दुकान आहे, त्याला दुकान सोडवत नाही. मधला मी, हायस्कुलात मराठी शिकवतो, म्हणजे घरच्यांच्या हिशेबी रिकामाच. एकदा रुसलेल्या काकूला आणायला यवतमाळला गेलो होतो. काकू आली नाही, पण तिच्या माहेरच्या विहिरीचं भांडण मी असं रंगवून सांगितलं की काका स्वतःच तिकडे निघून गेले. तेव्हापासून आई म्हणते, "अण्णाला माणूस आणायला पाठवा, तो गोष्ट घेऊन येतो."

यावेळी मात्र तिनं गोष्ट नको म्हणून बजावलं होतं. सत्तर साल नुकतंच सरलं होतं. कलकत्त्याच्या बातम्या अकोल्याच्या वर्तमानपत्रात रोज पहिल्या पानावर येत आणि आई त्या चष्मा लावून, बोट ठेवून वाचे. आज इथं बाँब, उद्या तिथं क्रांतीवाल्या पोरांनी शाळा फोडली. त्या शहरात बेहाला नावाच्या भागात माझी धाकटी बहीण कुसुम राहत होती. तिचे यजमान दिनकरराव बँकेत. त्यांची बदली आसनसोलला झालेली, ते शनिवार-रविवार घरी येत. एरवी कुसुम आणि तिची नऊ वर्षांची मिनी, दोघीच. शिवाय कुसुम तिथल्या एका मुलींच्या शाळेत शिकवायला लागली होती, तेही बंगाली मुलींना, बांगलातून.

"कुसुमला आणि मिनीला घेऊनच ये. परतीची तिन्ही तिकिटं आत्ताच काढ," आई म्हणाली. "आणि वाटेत कुणाशी बोलत बसू नकोस."

तिकिटं रविवारची होती. मी बुधवारी हावड्याला उतरलो.

बुधवार, ट्राम

स्टेशनावर मिनीनं मला पाहिलं आणि ओरडली, "मामा, तू आली!" मग लगेच, "मामा, पाणी खाणार?"

बांगलात पाणीही खातात म्हणे, आणि तो-ती असा भेद नाही, त्यामुळे मिनीच्या मराठीत मी पाच दिवस कधी मामा होतो, कधी मावशी. कुसुम वाळली होती. केस मागे घट्ट बांधलेले, खांद्यावर कापडी पिशवी. पिशवीत वह्या.

एस्प्लनेडहून आम्ही बेहालाची ट्राम धरली. आमच्याकडे थंडी म्हणतात त्याहून जास्त काही थंडी नव्हती, पण डब्यातला प्रत्येक गृहस्थ माकडटोपी घालून बसला होता, फक्त डोळे आणि नाक बाहेर. मला आधी ते गमतीचं वाटलं. मग लक्षात आलं की त्या टोप्यांतून कुणीच बोलत नाहीये. खिडकीबाहेर भिंतींमागून भिंती जात होत्या आणि प्रत्येकीवर लाल अक्षरं. मी कुसुमला अर्थ विचारला. ती म्हणाली, "घरी सांगते."

माझ्या मांडीवर सौभाग्यवतीनं दिलेला चिवड्याचा डबा होता, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेला. बेहालाच्या अलीकडे ट्राम गचका देऊन थांबली आणि डबा माझ्या मांडीवरून निसटून लोखंडी पायरीवर आपटला. झाकण उडालं. आवाज म्हणाल तर टाळी वाजवल्याएवढा. पण ट्राममधली सगळी माणसं खाली वाकली. माकडटोप्या गुडघ्यांत गेल्या. एका बाईनं आपल्या पोराच्या अंगावर स्वतःला झोकून दिलं. कंडक्टर खाली उडी मारून रस्त्यात उभा राहिला.

चिवडा सगळीकडे पसरला होता. मी हसलो. मी एकटाच हसलो. बाकीचे हळूहळू सरळ झाले आणि कुणीही माझ्याकडे पाहिलं नाही, शिवी दिली नाही, काही नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. कुसुमनं खाली बसून शेंगदाणे गोळा करायला घेतले. दर शेंगदाण्यागणिक ती दाराकडे बघत होती. तेव्हा मी मनाशी ठरवलं, हिला नेलंच पाहिजे.

संध्याकाळी तिनं भिंतींवरच्या धमक्यांचा अर्थ सांगितला, रविवारी निघायचं माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि आपली अट सांगितली.

"शनिवारी माझ्या वर्गाची परीक्षा आहे, अण्णा. मुलींची नाही, माझी. शाळेची कमिटी बघायला येणार आहे. त्यांनी वर्ग बंद करा म्हटलं तर रविवारी तुझ्याबरोबर येते, एक शब्द बोलणार नाही. चालू ठेवा म्हटलं तर तू एकटा जा."

"कसला वर्ग?"

"उद्या बघशील."

मी कबूल झालो. मनात म्हटलं, मराठी बाईनं बंगाली मुलींना शिकवलेलं बघायला बंगाली कमिटी येणार. परतीची तिकिटं वाया जायची नाहीत.

गुरुवार, आठवीचा वर्ग

शाळा एका बोळात होती. दुमजली, शेवाळलेली, पाठीमागे तळं. आठवीत तीस-बत्तीस मुली लाल काठाच्या पांढऱ्या साड्या नेसून दोन रांगांत समोरासमोर बसलेल्या. मध्ये चटई आणि चटईवर मांडी घालून एक साठीचा माणूस, गळ्यात तुळशीची माळ, पुढ्यात ढोल. भूगोलाच्या तासाला ढोल! मी बाकावर टेकलो.

कुसुमनं फळ्यावर दोन शब्द लिहिले. एका रांगेसाठी नदी, दुसरीसाठी रेलगाडी. प्रश्न एकच: हे शहर कुणी मोठं केलं?

आणि मग नदीच्या रांगेतली एक सडपातळ, काळीसावळी मुलगी उठली, पदर कमरेला खोचला, ढोलाच्या ठेक्यावर गायला लागली. गायला म्हणजे भांडायलाच. आईला अडलेला शब्द सांगायला मिनी या तासाला येऊन बसे. ती माझ्या कानाशी लागून सांगत होती, मी ते वहीत उतरवलं आणि नंतर कुसुमच्या मदतीनं मोडकंतोडकं मराठी केलं:

*लोखंडी तुझे पाय गं गाडी, धुराची तुझी वेणी,*
*रूळ संपले तिथंच तुझी सरली सारी गाणी.*
*डोंगरातून आले मी, मला कुणी बांधली ना वाट,*
*माझ्या काठी गाव वसलं, मग तुझा थाटमाट!*

तिची रांग शेवटची ओळ उचलून धरते तोच समोरून गोरी, चष्मा लावलेली एक मुलगी उठली:

*आलीस खरी डोंगरातून, पोटात गाळ घेऊन,*
*मोठी जहाजं रुतून बसती तुझ्याच दारी येऊन.*
*कोण आणितं चहा डोंगरचा, कोण कोळशाच्या राशी?*
*मी नसते तर शहर तुझं हे राहिलं असतं उपाशी!*

माझ्या अंगावर काटा आला, आणि तो काव्यामुळे नव्हे. आमच्या मामाच्या गावी कलगी-तुऱ्याचे फड होत. एक पक्ष सवाल टाकणार, दुसरा जवाब देणार, जवाब नाही आला तर डफ काढून घेणार. सोळाव्या वर्षी मी मामाच्या फडात चोरून डफ वाजवत असे, ते वडिलांना कळेपर्यंत. कळल्यावर काय झालं ते सांगण्यासारखं नाही. पण तीस वर्षांनी, हजार मैलांवर, भूगोलाच्या तासाला तोच सवाल आणि तोच जवाब!

"याला इथं कविगान म्हणतात," कुसुम मधल्या सुट्टीत म्हणाली. "मी हे काही ठरवून नाही केलं. मला बांगला धड येत नाही. मी धडा वाचून दाखवला की मुली पदराआड हसायच्या आणि प्रश्न विचारला की पुस्तकातलं पाठ केलेलं जसंच्या तसं ओकायच्या. मग म्हटलं, मी कशाला बोलू? यांनाच भांडू दे. आता समोरची काय विचारील या धाकानं पुस्तकात नाही ते सुद्धा शोधून आणतात. ती नदीवाली मालती बंदरावरच्या हमालांना जाऊन विचारून आली, गाळ कुठं साचतो म्हणून."

"मग कमिटीला काय दुखतंय?"

"चष्मेवाली बघितलीस ना? शर्मिला. पहिलीपासून पहिली येते. पूजेच्या सुट्टीआधी ती मालतीपुढं हरली. मालती निर्वासितांच्या कॉलनीतली, दोनदा नापास झालेली. शर्मिला घरी जाऊन रडली. आणि शर्मिलाचे वडील, मुखर्जीबाबू, कमिटीचे सेक्रेटरी आहेत."

ढोलवाले निताईबाबूही त्याच कॉलनीतले. फाळणीआधी पूर्वेकडच्या एका मोठ्या कवियालाच्या, म्हणजे कविगान गाणाऱ्याच्या, फडात ढोल वाजवत, आता दिवसा एका दुकानात पोती शिवत. मी डफाची बढाई मारली. मिनीनं ती भाषांतरित केली. म्हाताऱ्यानं ढोल माझ्याकडे सरकवला. एका हातात काडी, दुसरा हात उघडा. मी वाजवलं. मुली तोंडात पदर कोंबून वाकल्या.

"मामा, तो बोलला," मिनी गंभीरपणे म्हणाली, "तू ढोलाला मारते. ढोलानं काय केलं?"

आमच्याकडे समोरचा अडला की डफ जोरात करतात, त्याला घाबरवायला. निताईबाबूंनी मान हलवली. त्यांच्याकडे उलटं. अडलेल्याच्या वेळी ढोल अगदी हळू, दोन बोटांवर, पण चालू. सवाल टाकला की जवाब ऐकल्याशिवाय कुणी उठायचं नाही, आणि ढोल चालू आहे तोवर बैठक चालू. तो थांबला की संपलं, जो तो आपल्या घरी. त्यांनी माझं बोट धरून ते दोन बोटांचं हळू वाजवणं शिकवलं. माझ्याच्यानं नीट झालं नाही. तोवर शाळेतल्या सगळ्या मुली मला "मामा, मामा" म्हणायला लागल्या होत्या. बांगलातही मामा मामाच असतो.

शुक्रवार, फाटकावरचा कागद

सकाळी शाळेच्या फाटकाला कागद चिकटवलेला होता. लाल शाई. मिनी वाचायला पुढं झाली तशी कुसुमनं तिला मागं ओढलं. मजकूर एवढाच की ही शाळा गुलामांची शाळा आहे, शनिवारी फाटक उघडलं तर जे होईल त्याला उघडणारे जबाबदार.

मुख्याध्यापिका आतून आल्या. त्यांना सगळे बडदी, म्हणजे थोरल्या ताई, म्हणत. पांढरी साडी, पांढरे केस. कागद काढून त्यांनी त्याची नीट घडी केली आणि पर्समध्ये ठेवली, जशी काही धोब्याची यादी.

"कुसुम, उद्याचं पुढं ढकलूया का?" त्यांनी हिंदीत विचारलं, बहुधा मलाही समजावं म्हणून.

"पुढं ढकललं तर मुखर्जीबाबू परत येतील, बडदी?"

बडदींनी पर्स बंद केली. त्यांच्या ओळखीच्या एका शाळेची प्रयोगशाळा महिन्यापूर्वी जाळली होती. मग म्हणाल्या, "सकाळी नऊला. अकराच्या आत सगळ्या मुली घरी. आणि ढोल हळू."

घरी येताना कुसुमनं नव्या गुळाची संदेश नावाची मिठाई घेतली. हिवाळ्यात खजुराच्या झाडाचा ताजा गूळ निघतो तिकडे, वास असा की आमच्या काकवीला हेवा वाटावा. संक्रांत आठ दिवसांवर आलेली. त्यांच्याकडेही संक्रांत असते, पण तिळगूळ वाटत नाहीत, तांदळाचे नि नारळाचे पिठे करतात. मी तिळगुळाची वडी पुढं केली आणि म्हटलं, "गोड बोल. रविवारी चल."

"मी गोडच बोलतेय, अण्णा. तूच परवापासून कडू तोंड करून बसला आहेस."

खरं होतं. मी चक्क मनातल्या मनात मुखर्जीबाबूंच्या बाजूला होतो. एका बाजूनं वाटे, काय सुंदर शिकवते ही! दुसऱ्या बाजूनं वाटे, देवा, तेवढा वर्ग शनिवारी पडू दे. आईच्या दारात तिघं उतरतोय असं चित्र मी शंभर वेळा पाहिलं असेल.

दिनकररावांची तार आली. आसनसोलहून येणं जमत नाही. गाड्यांचं खरं नाही.

शनिवार

पहाटे ट्रकांच्या आवाजानं जाग आली. सात वाजता दूधवाला सांगून गेला की बाँबवाल्या पोरांच्या शोधात कॉलनीला वेढा पडलाय. पोलीस घराघरांतून पुरुष मंडळींना बाहेर काढून मैदानात बसवताहेत.

आम्ही मागच्या बोळानं शाळेत गेलो. मिनीला शेजारणीकडे ठेवायचं ठरलं होतं, पण तिनं आईचा पदर सोडला नाही. साडेआठपर्यंत निम्म्याच मुली आल्या. शर्मिला वडिलांबरोबर आली. मुखर्जीबाबू उंच, कडक इस्त्रीचं धोतर, हातात छत्री. बरोबर कमिटीचे दोघे. त्यांनी खुर्च्या दाराजवळ मांडायला सांगितल्या, खिडकीजवळ नको.

पावणेनऊला मालती आली. पायांना तळ्याचा चिखल गुडघ्यापर्यंत. पोलिसांनी बायकांना अडवलं नव्हतं, पण रस्ता बंद होता, म्हणून तळ्याच्या कडेकडेनं आली होती.

"निताईदादू?" कुसुमनं विचारलं.

मालतीनं मान हलवली. ते मैदानात बसले होते, हात डोक्यावर ठेवून, बाकीच्यांबरोबर.

चटईवर ढोल एकटाच होता. आदल्या दिवशी तो शाळेतच ठेवला होता. कुसुमनं ढोलाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अण्णा."

"मला येत नाही."

"येत नाही हे मला माहीत आहे. पण ढोलाशिवाय त्यांना सूर धरता येत नाही."

वाचकहो, आता खोटं कशाला सांगू? नाही म्हणणं अगदी सोपं होतं. परवाच बत्तीस मुलींसमोर माझं हसं झालं होतं, कुणी मला दोष दिला नसता. मी नाही म्हणालो असतो तर वर्ग पडला असता, मुखर्जीबाबू खूष, मी खूष, आई खूष. पण मालती चिखलाच्या पायांनी उभी होती, आणि खाली फरशीवर तिच्या पावलांचे ठसे दारापासून ढोलापर्यंत उमटले होते. मी कोट काढला आणि चटईवर बसलो. मांडी घालताना धोतर पायात अडकलं. शर्मिला हसली. वडिलांनी तिच्याकडे पाहिलं, ती गप्प झाली.

सुरुवात बरी झाली. नदीनं बंदर सांगितलं, गाडीनं चहाचे मळे सांगितले. मुली थोड्या होत्या म्हणून आवाज बारीक, पण ओळी नेमक्या. माझी काडी दोनदा लाकडावर लागली. कमिटीतले एक गृहस्थ ओठांतल्या ओठांत ताल धरू लागले होते. मुखर्जीबाबू छत्रीच्या मुठीकडे बघत होते.

मग मालती उठली. ती ठरलेला सवाल विचारणार होती, रूळ संपल्यावर काय, हा. तिनं तो नाही विचारला. तिनं एकदा खिडकीकडे पाहिलं, जिकडे ते मैदान होतं, आणि गायली:

*नदीपल्याडची माणसं माझी डब्यात कोंबून आणली,*
*स्टेशनावरच्या फरशीवरती रात्रंदिन ती बसली.*
*आणलीस ती तर आणलीस गाडी, एवढं सांगून जाशी:*
*परत न्यायचं तिकीट त्यांचं आहे कुणापाशी?*

माझ्या सदऱ्याच्या खिशात परतीची तीन होती. काडी हातात असूनही मला ती तिकिटं खिशातून टोचली.

शर्मिला उठून उभी राहिली. याचा जवाब कुठल्याच पुस्तकात नव्हता. तिनं चष्मा पदरानं पुसला. आणि तेवढ्यात मोठ्या रस्त्याच्या बाजूनं धमाका झाला. लगोलग दुसरा. खिडकीची काच थरथरली. दुकानांची फळकुटं धडाधड पडल्याचे आवाज आले, मग धावणाऱ्या पावलांचे.

माझे हात थांबले.

आणि ढोल थांबल्याबरोबर सगळ्या उठल्या. वह्या गोळा होऊ लागल्या. बडदी दाराकडे धावल्या. मुखर्जीबाबू उभे राहिले. "चल," ते मुलीला म्हणाले.

शर्मिला हलली नाही. ती काहीतरी पुटपुटली. मिनी माझ्या मागे चिकटून बसली होती, तिनं कुजबुजत सांगितलं, "ती बोलते, बाबा, जवाब बाकी आहे. आत्ता गेली तर हरली."

"चल म्हणतो ना!"

मालती उभीच होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, मोठ्या माणसानं काही चुकवलं की लहान मुलं बघतात तसं. मग मला कळलं की खोली धमाक्यानं उठली नव्हती. त्या शहरात धमाके रोज होते. खोली माझ्यामुळे उठली होती.

मी काडी खाली ठेवली. उघड्या हाताची दोन बोटं चामड्यावर टेकवली. माझ्याच छातीत जे धडधडत होतं त्याहून हळू, निताईबाबूंनी दाखवलं होतं तसं. टिक, टिक. परवा मला जमलं नव्हतं. भीतीनं हात गळाले असले की जमतं, एवढं मला त्या दिवशी कळलं.

एक मुलगी बसली. मग दुसरी. बडदींनी दाराला आतून कडी घातली आणि पाठ लावून उभ्या राहिल्या. मुखर्जीबाबू मात्र उभेच, एक हात मुलीच्या खांद्यावर. शर्मिलानं तो हात काढला नाही, तशीच गायला लागली. आवाज फाटका येत होता:

*परतीचे रूळ उखडून गेले, खोटं सांगू कशाला?*
*आणलं मी, तर जागा देणं माझ्याच आलं...*

आणि अडली. यमक मिळेना. दोन बोटं चालू होती. तिनं तीच ओळ परत घेतली. परत तिथंच अडली. बाहेर कुणीतरी धावत गेलं, बोळातूनच, आमच्या भिंतीला घासून.

"वाट्याला," असा त्यांच्या भाषेतला शब्द अगदी हळू आवाजात कुणीतरी म्हटला.

मुखर्जीबाबूंनी म्हटला होता. बहुधा त्यांना स्वतःलाही कळलं नसावं. तेही मूळचे नदीकाठच्या एका खेड्यातले, लहानपणी रात्रभर कविगान ऐकलेले, हे मला कुसुमनं नंतर सांगितलं. शर्मिलानं तो शब्द उचलला, ओळ पुरी केली आणि सगळी रांग तिच्यामागून गायली. मालतीची रांगसुद्धा. मालती बसली. शर्मिला जाऊन तिच्याच रांगेत, तिच्या शेजारी टेकली, तिच्या चिखलाशेजारी.

टाळ्या वाजवायचं कुणाच्या मनात आलं नाही. मुलींना दोघी-दोघींनी मागच्या दारानं पाठवायला अर्धा तास लागला. अकराला दहा मिनिटं कमी असताना मुखर्जीबाबू कुसुमला म्हणाले, "वर्ग चालू राहू दे. ढोल नको. रस्त्यावर ऐकू जातो." आणि छत्री विसरून गेले.

रविवार, हावडा

सकाळी निताईबाबू दारात उभे. दिवसभर उन्हात आणि रात्रभर दहिवरात बसवून त्यांना सोडलं होतं. गुडघे आखडलेले, डाव्या हाताची दोन बोटं सुजलेली. कुणी काय केलं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. कुसुमकडून कालचं ऐकत चहा घेतला आणि मला एवढंच विचारलं, "ढोल किती वेळा थांबला?"

"एकदा."

"एकदा चालतं," म्हणाले.

कुसुम त्यांच्या बोटांना हळदीचा लेप लावत होती. मी म्हटलं, "ढोलाशिवाय वर्ग कसला? हे म्हणजे बंदच झाल्यासारखं. अटीप्रमाणे तू यायला हवंस."

"चालू ठेवा म्हणाले ना?"

"मिनीला तरी दे."

तिचे हात थांबले. तेवढ्यानं मला कळलं की हा विचार तिनं रात्रभर केला होता. ती मिनीला म्हणाली, "जातेस मामाबरोबर? आजीकडे? उन्हाळ्यापर्यंत?"

मिनीनं आधी आईच्या, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. "मी गेला तर आईला वर्गात शब्द कोण सांगणार?"

हावड्याला त्या दोघी मला पोचवायला आल्या. गाडी हलली तेव्हा कुसुम फलाटावर थोडी बरोबर चालली. हसत नव्हती, रडतही नव्हती. मिनी ओरडली, "मामा, परत ये! तू छान वाजवली!" माझ्या शेजारच्या दोन जागा नागपूरपर्यंत रिकाम्या होत्या. लोक येऊन विचारत, कुणी आहे का? मी दर वेळी आहे म्हणालो.

अकोला

टांगा थांबला तेव्हा आई ओट्यावर उभी होती. तिनं मला उतरताना पाहिलं, मग माझ्या मागं टांग्यात पाहिलं, आणि कितीतरी वेळ तिथंच बघत राहिली, जणू मिनी सामानाखाली लपली असेल.

मी सांगायला बसलो. लपवलं नाही, वेढाही नाही, धमाकेही नाहीत. थोरले बंधू कोर्टातल्यासारखे हुंकार देत होते. शर्मिला अडली, ढोल मी चालू ठेवला आणि म्हणून वर्ग पडला नाही, इथपर्यंत आलो तशी आई ताडकन उठली.

"म्हणजे तिला आणायला पाठवलं आणि तू तिला तिथंच बसवून आलास! वर ढोल वाजवून!"

ती आत निघून गेली. भांडी आपटल्याचे आवाज आले. बंधूही टोपी घालून बाहेर पडले. मी ओट्यावर एकटाच, समोर संदेशाची हंडी, तिलाही कुणी हात लावला नव्हता. काय करावं कळेना, तेव्हा मी हंडी बाजूला सारली आणि ओट्याच्या फळीवर दोन बोटं वाजवू लागलो. हळू. उगीचच.

आतली भांडी थांबली. जरा वेळानं आई उंबऱ्यात आली. डोळे लाल, हात ओले.

"त्या छत्रीवाल्याच्या पोरीनं," ती म्हणाली, "मग जवाब काय दिला?"

"बस," मी म्हटलं. "सांगतो."

पदराला हात पुसत ती बसली.